घाटातल्या किंचाळीवर फोमचे इअरप्लग, सहा महिने वापरून सांगतोय

नाशिकरोड ते मुंबई पासवर अप-डाउन करतो मी, आणि इगतपुरी सुटली की थळ घाटात वळणावर चाकं जी किंचाळतात ना ती थेट माझ्या दातांच्या मुळाशी जाऊन लागतात, झोप तर मोडतेच पण नंतर तासभर कपाळ ठणकतं. शेवटी बिटकोजवळच्या एका मेडिकलमधून फोमचे साधे केशरी इअरप्लग आणले, शंभराच्या आत दोन जोड्या.

काम करतात, खरंच करतात. फोम बारीक, तीक्ष्ण आवाज जास्त अडवतो आणि जाड आवाज कमी, म्हणजे डब्याची धडधड येतच राहते पण ती किंचाळी कुठूनतरी लांबून आल्यासारखी वाटते, मला तेवढंच हवं होतं.

फक्त घालायची पद्धत चुकवू नका, पहिले आठ दिवस मी नुसतेच कानात दाबत होतो आणि काही फरकच नाही. बोटांनी वळून वळून निरांजनाच्या वातीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर ओढायचा, पटकन आत सारायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोट लावून धरायचं, हे ओढणं विसरलात तर इगतपुरीच्या आधीच बाहेर येतो.

मला आधी वाटायचं ब्रेकचाच आवाज आहे तो. माझे मामा रेल्वेत गँगमन होते, ते म्हणाले नाही रे, दोन्ही चाकं एकाच अ‍ॅक्सलवर घट्ट बसवलेली असतात, तीव्र वळणावर ती रुळाच्या दिशेने पूर्ण वळू शकत नाहीत, मग चाक रुळावर थोडं आडवं घसरतं, अडकतं सुटतं अडकतं सुटतं, आणि अख्खं चाक घंटेसारखं वाजायला लागतं, फळ्यावर खडू किंचाळतो ना तसंच. रूळ ओले असले की आवाज कमी, हे मी स्वतः जुलैत अनुभवलं, भर पावसात प्लग खिशातच राहिले.

खटकलेली गोष्ट म्हणजे दोरी नाही. कसाऱ्याला एक निसटून सीटखाली गेला, तिथला मळ बघून परत कानात घालायची हिंमत झाली नाही. आणि प्लॅटफॉर्मवर उतरायच्या आधी काढाच, मागून येणारी गाडी ऐकू यायला हवी. धुऊन आठवडाभर चालतात, मग फोम कडक होतो.

पाचपैकी चार. पुढच्या वेळी दोरीवाले घेणार, एक जोडी आईसाठी पण, दिवाळीत ती येतेय माझ्याबरोबर.