मोदक, बालू की कलम? हसऱ्या मजकुरासाठी कोणता फॉन्ट घ्यावा

पाळणाघराची पाटी, बारशाची पत्रिका, घरगुती लाडवांच्या बरणीवरचं लेबल अशा कामांना हाताने काढल्यासारखं मोकळं अक्षर हवं. गूगल फॉन्ट्स या मोफत फॉन्टच्या संकेतस्थळावरचे मोदक, बालू २ आणि कलम हे तीन देवनागरी फॉन्ट मला त्यासाठी सर्वांत भरवशाचे वाटतात. तिन्ही युनिकोड (म्हणजे कुठल्याही संगणकावर चालणाऱ्या प्रमाण संकेतातले), तिन्ही मोफत, आणि ओपन फॉन्ट लायसन्स या खुल्या परवान्यामुळे विक्रीच्या मालावरही छापता येतात. त्यामुळे निवड पैशांवर अडत नाही, मजकूर किती लांब आहे यावर ठरते.

मोदक हा मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा. तिघांत सर्वांत गुबगुबीत. अक्षरांच्या पोटातली मोकळी जागा इतकी भरलेली की फक्त बारीक फटी उरतात. पोस्टरवर मोठ्ठं ‘धमाल’ लिहिलं की नजर तिथेच खिळते. मात्र आकार लहान केला की फटी बुजतात, ‘घ’ आणि ‘ध’ सारखेच दिसू लागतात. जाडीही एकच मिळते. दोन-तीन शब्दांपलीकडे तो वापरूच नये.

कलम नेमका उलटा. लिपी रावल आणि जॉनी पिनहॉर्न यांनी इंडियन टाइप फाउंड्री या फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीसाठी केलेला हा फॉन्ट बॉलपेनने किंवा स्केचपेनने लिहिल्यासारखा तिरका आहे. रेषांची टोकं गोल, शिरोरेघही किंचित वाकलेली. आमंत्रणातला आपुलकीचा परिच्छेद, आजीची पाककृती, आभाराची चिठ्ठी यात फार गोड दिसतो. लाइट, रेग्युलर, बोल्ड अशा तीन जाड्या आहेत. दुकानाच्या पाटीवर मात्र लांबून फिका पडतो. तिथे बोल्डही मला पुरेसा वाटत नाही.

बालू २ सुद्धा ‘एक टाइप’चाच. गोलसर, ठसठशीत, तरी अक्षर न अक्षर वेगळं कळतं. रेग्युलरपासून एक्स्ट्राबोल्डपर्यंत पाच जाड्या असल्याने शीर्षक, किंमत, घटकपदार्थ सगळं एकाच कुटुंबात बसतं. शिवाय त्याची भावंडं इतर भारतीय लिप्यांत आहेत: गुजरातीत भाई, कन्नडमध्ये तम्मा, तमिळमध्ये तंबी. पाकिटावर मराठीसोबत दुसरी भाषा छापायची असेल तर प्रश्नच मिटला. एकच फॉन्ट घ्यायचा असेल, तर मी डोळे झाकून बालू २ सुचवेन. दोन घेता आले तर नाव लिहायला मोदक, बाकी सगळ्याला बालू. पत्रिका असेल तर आतल्या मजकुराला कलम.

ठरवण्याआधी आपला खराच मजकूर टाइप करून पाहा. ‘दऱ्याखोऱ्या’, ‘बाळ’, ‘ॲड्रेस’ नीट उमटतात का, आणि पाकळीचा ‘ल’, देठाचा ‘श’ हवा तसा येतो का, हे तपासा. सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडा. काही फॉन्टांत ही वळणं त्यावरच बदलतात. प्रेसला फाइल देताना अक्षरांच्या आउटलाइन करूनच (म्हणजे अक्षरांचं आकृतीत रूपांतर करूनच) द्या, नाहीतर तिथल्या संगणकावर जोडाक्षरं तुटू शकतात.