बाबांचा रेझर मुलाम्याला पाठवला, परत आला तो दुसराच

घरातला जुना रेझर, वस्तरा किंवा तशीच एखादी वडिलोपार्जित वस्तू कोणाकडे मुलाम्याला पाठवायचा विचार असेल, तर आधी हे वाचून घ्या. मी पाठवली होती. पैसे गेले ४,४५०. त्याचं दुःख मी केव्हाच गिळलं. रेझर गेला, तो मात्र अजून घशात अडकून आहे.

मी दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. शाळेत विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. बाबाही शिक्षकच होते. १९६४ साली ते मुंबईला गेले असताना त्यांनी एक जिलेट टेक रेझर घेतला, मेड इन इंग्लंड. वरची टोपी, मधली पट्टी आणि दांडी असे त्याचे तीन तुकडे. किंग कॅम्प जिलेट यांना १९०४ साली पेटंट मिळालं त्या रेझरचीही मूळ रचना हीच. सोबत बेकेलाइटची, म्हणजे जुन्या काळच्या कडक प्लास्टिकची, डबी होती आणि तिच्यात रेझरच्या आकाराचा खोलगट साचा. बाबा ट्रेनिंगला अमरावतीच्या वसतिगृहात राहिले तेव्हा तिथे एकाची वस्तू दुसऱ्याच्या पेटीत सहज जायची. म्हणून त्यांनी दांडीच्या खालच्या टोकाशी तिधारी कानशीने तीन खाचा पाडून ठेवल्या होत्या. लहानपणी मी त्या खाचांवरून नख फिरवत बसायचो.

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. पूर्णेच्या खोऱ्यातल्या लोकांना सांगायला नको, विहिरीच्या पाण्यात साबण नुसता फाटतो. फेस व्हायच्या ऐवजी पांढरा चोथा वर तरंगतो. पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाशी जुळून ती साय धरते, हे मी वर्गात शिकवायचो, पण मला ते समजलं बाबांच्या दाढीच्या वाटीत. पावसाळ्यात आई पागोळीचं पाणी भरून ठेवायची, त्यातलं एक तांब्याभर बाबांच्या दाढीसाठी वेगळं असायचं. आता फिल्टरच्या पाण्याची क्यान येते, मी तेच वापरतो.

बाबा गेल्यावर रेझर माझ्याकडे आला आणि तेव्हापासून माझी सकाळ त्याच्याभोवती फिरायला लागली. ब्रश कोमट पाण्यात भिजत घालायचा. तोवर तोंड धुऊन दाढी मऊ करायची. मग गोल साबणावर ब्रश फिरवत फिरवत, थेंब थेंब पाणी घालत, दह्यासारखा दाट फेस येईपर्यंत थांबायचं. रेझर गालाशी साधारण तीस अंशांत धरायचा आणि दाबायचा अजिबात नाही. चांगल्या रेझरचं वजनच काम करतं, हाताने फक्त वाट दाखवायची. आधी केसांच्या कलाने, मग पुन्हा फेस लावून आडवा. दोन-तीन रुपयांच्या पत्तीत पाच-सहा दाढ्या होतात. पत्ती केस कापते तेव्हा बारीक चरचर ऐकू येते. ती एकसारखी आली की हात बरोबर चाललाय असं समजायचं. शेवटी गार पाणी आणि ओल्या गालावर तुरटी. वीस मिनिटं जातात, पण दिवसभरातली तेवढीच वीस मिनिटं माझी एकट्याची असतात. ज्याने हा नाद कधी केला नाही त्याला एका रेझरसाठी एवढं काय, असं वाटेल. म्हणून हे सविस्तर सांगितलं.

साठ वर्षांच्या वापराने टोपीच्या कडेचा निकेलचा मुलामा उडाला होता. बाबांचा अंगठा जिथे टेकायचा तिथे खालचं पितळ पिवळं दिसायचं. मला ते बरं दिसेना. मोबाइलवर दाढीच्या जुन्या सामानाचे शौकीन एकमेकांना फोटो दाखवतात, तिथे एक माणूस मुलाम्याची कामं करून देतो असं दिसलं. आधीचे आणि नंतरचे फोटो ठेवलेले, एकाहून एक लखलखीत. मी फोन केला. अत्यंत आदबीने बोलला. माझ्यापेक्षा त्यालाच या रेझरची जास्त माहिती आहे असं वाटलं. "सर, बाबांची वस्तू आहे म्हणता, तर मी स्वतःच्या हाताने करतो, कारागिराकडे देत नाही." या एका वाक्यावर मी विरघळलो.

मुलाम्याचे १,८५० आगाऊ. वर त्याने बॅजर या प्राण्याच्या केसांचा ब्रश १,४०० ला देऊ केला, बाहेर फार महाग मिळतो म्हणाला. तोही घेतला. जुलैत स्पीड पोस्टाने रेझर पाठवला. डबी तेवढी घरी ठेवली, ती फुटेल म्हणून. इथे नशीब थोडं बरं होतं म्हणायचं. पण रेझरचा एकही नीट फोटो काढला नाही. वजन केलं नाही. पोस्टाच्या पावतीवर पाकिटाचं वजन ग्रॅममध्ये छापून आलं होतं, पण आत गुंडाळलेल्या कापडाचं किती आणि रेझरचं किती, हे कुठे लिहून ठेवलं होतं? जन्मभर पोरांना आधी निरीक्षण नोंदवा म्हणून सांगत आलो, आणि स्वतःच्या बाबांच्या वस्तूची एक ओळ नोंद केली नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी पार्सल आलं. आरशासारखा रेझर. पण टोपीखालच्या पट्टीवरची अक्षरं नव्हती आणि दांडीवरच्या खाचाही नव्हत्या. मी लगेच फोन केला. तो म्हणाला, "सर, पॉलिश करताना अक्षरं घासली जातातच. खाचा मी भरून घेतल्या, एकदम नवी करून दिली." आता यात खोटं कुठलं पकडायचं? बफिंगच्या चाकावर उथळ अक्षरं खरोखरच झिजतात. खाचा भरल्या याचं मला फार वाईट वाटलं, पण संशय आला नाही. वर त्यानेच सांगितलं, "चुंबक लावून बघा, अस्सल पितळ आहे, चिकटणार नाही." लावलं. चिकटलं नाही. विज्ञानाचा शिक्षक समाधान पावला.

पुढचे तीन आठवडे मी रोज रक्त काढत होतो. डाव्या गालावर एक बाजू खरडून जायची, दुसरी बाजू केसांवरून नुसती घसरायची. चरचर बंद झाली. मला वाटलं वय झालं, हात कापतोय. पत्ती बदलून पाहिली, साबण बदलला. रेझरवर शंका घेणं म्हणजे बाबांवर शंका घेण्यासारखं वाटत होतं, म्हणून सगळा दोष मी माझ्या हाताला दिला. बायको एकदा म्हणाली, "अहो, डबीत का नाही ठेवत आता तो?" ठेवायला गेलो तर दांडी साच्यात बसेना, टोकाला अडायची. मुलाम्याचा थर चढल्यामुळे असेल अशी मी स्वतःची समजूत काढली. मुलाम्याचा थर केसाहूनही बारीक असतो हे मला ठाऊक होतं. तरीही काढली.

शेवटी गावातल्या सलूनवाल्या काकाजींकडे गेलो. उघडा वस्तरा पट्ट्यावर लावून दाढी करायचा काळ त्यांनी पाहिला आहे. एड्सची धास्ती पसरल्यावर त्यांनीही गिऱ्हाइकागणिक नवी पत्ती घालायचा वस्तरा धरला. त्यांनी माझा गाल पाहिला, रेझर हातात घेतला, पत्ती घालून डोळ्यासमोर आडवा धरला.

"गुरुजी, तुमचा हात नाही बिघडला. पत्ती पाहा ना, एकीकडून जास्त निंगून रायली. अन् बाबूजीच्या रेझरनं मी सोता त्याईची दाढी केली हाये, आजारी होते तवा. हा थो नोहे."

मी घरी न जाता थेट दर्यापूरला ओळखीच्या सोनाराकडे गेलो. जे केलं ते नीट सांगतो, कारण हे कोणालाही करता येईल. आधी कोरडी टोपी त्याच्या काट्यावर ठेवली: १७.८२ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्य केला. टोपी दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवली, तळाला किंवा कडेला टेकू दिली नाही. आता काटा दाखवतो तेवढे ग्रॅम म्हणजेच तेवढे घनसेंटीमीटर आकारमान. २.६९ आलं. भागाकार केला तर ६.६. पितळाची घनता साडेआठच्या आसपास असते. ६.६ म्हणजे जस्ताचा ओतीव मिश्रधातू, स्वस्त रेझर ज्यात ओततात तो. चुंबक जस्तालाही चिकटत नाही. त्याने मला अशी परीक्षा सांगितली जी दोन्ही धातू पास होतात, आणि मी तिच्यावर विश्वास ठेवला. ही परीक्षा टोपीवरच करा, दांडी पोकळ असली तर आत हवा अडकते आणि उत्तर चुकतं. आणि खरं सांगायचं तर परीक्षेचीही गरज नव्हती. अंगठ्याखाली दिसणारं ते पिवळं पितळ हाच माझा पुरावा होता, आणि तोच झाकायला मी रेझर पाठवला होता.

ब्रशचं तेव्हाच लक्षात आलं. दोन केस उपटून काडी लावली. खरा केस जळताना कातडं करपल्यासारखी घाण येते आणि चिमटीत राख होते. याचे केस वितळले आणि टोकाला टणक मणी झाला. नायलॉनचा ब्रश वाईट असतो असं माझं म्हणणं नाही, फेस चांगला करतो, लवकर वाळतो. बॅजर म्हणून विकला हे वाईट.

मी त्या माणसाला फोन केला तेव्हा वाटलं होतं, नाकारेल, भांडेल. तो उलट हळहळला. दोन गिऱ्हाइकांचे रेझर बदलले असतील म्हणाला. तुमचा दुसऱ्या साहेबांकडे गेलाय, ते परत पाठवायला तयार आहेत, पण त्यांचा रेझर महागाचा असल्यामुळे १,२०० अनामत मागतात, वस्तू मिळाली की परत. आणि मी पाठवले! फसलो हे कळल्यानंतर पाठवले, हे नीट लक्षात घ्या. कारण आता प्रश्न पैशांचा नव्हता. माझी वस्तू कुठेतरी शाबूत आहे असं कोणीतरी म्हणत होतं, आणि ते ऐकायला मी कितीही दिले असते. त्या माणसाला हे बरोबर माहीत होतं. चार दिवसांनी त्याचा नंबर बंद झाला.

मुलगी पुण्याहून आली तेव्हा तिने ते आधीचे-नंतरचे फोटो मोठे करून पाहिले. एका फोटोत मागे भिंतीवर विजेचं सॉकेट होतं, आपल्याकडचं नाहीच. कुठल्या तरी परदेशी माणसाच्या कामाचे फोटो उचलून लावले होते. कोणाकडे काम देण्याआधी त्याच्याच वस्तूचा, त्या दिवशीचं वर्तमानपत्र शेजारी ठेवून काढलेला फोटो मागा. काम खरं असेल तर त्याला दोन मिनिटं लागतात.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण १,२०० पाठवून नऊ दिवस झाल्यावर. त्यांनी नोंदवून घेतली. पैसे पुढच्या खात्यातून केव्हाच निघून गेले होते. हा नंबर पैसे गेल्या गेल्या, त्याच तासात लावायचा असतो, तर रक्कम वाटेत अडवता येते. ग्राहक आयोगाचाही विचार केला. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. पण तक्रार कोणावर करायची? पार्सलवरचा पत्ता एका मोबाइल रिचार्जच्या दुकानाचा निघाला. आणि पाठवलेला रेझर कोणता, आलेला कोणता, हे दाखवायला माझ्याकडे काय होतं? काकाजींचा शब्द आणि एक रिकामी डबी.

तेव्हा पाठवायचंच असेल तर आधी प्रत्येक तुकड्याचे खालून-वरून फोटो काढा, प्रत्येक तुकडा सोनाराच्या काट्यावर वेगळा तोला, दांडीची लांबी मोजा, कुठे पोचा आहे, कुठे ओरखडा आहे, ते लिहा आणि ही नोंद वस्तूसोबत पाठवा. समोरच्याला कळलं पाहिजे की तुम्ही मोजून दिलंय. शक्य असेल तर स्वतः घेऊन जा, अमरावतीला, अकोल्याला, नागपूरला, जिथे माणूस डोळ्यांसमोर बसतो. आणि खरं विचाराल तर पाठवूच नका. मुलामा उडालेला रेझर दाढी तशीच करतो. पत्ती नवी असते, टोपीची वक्रता तीच असते. मला कमी पडत होती ती फक्त चकाकी.

सध्या एक साधा देशी रेझर वापरतो. दाढी बरी होते. डबी खिडकीत आहे.

जुन्या रेझरांचा शौक असलेल्यांना एकच विनंती. तुमच्याकडे कुठून जिलेट टेक विकायला आला, मेड इन इंग्लंड, तर दांडीच्या खालच्या टोकाशी बघा. एका रेषेत तीन खाचा, तिधारी कानशीच्या, मधली बाकी दोघींपेक्षा थोडी खोल. मुलामा दिला असला तरी त्या सहज बुजणार नाहीत, नख फिरवलं तर लागतील. लागल्या तर विकणाऱ्याला तो कुठून मिळाला ते विचारा, आणि इथेच दोन ओळी लिहा. मी रोज पाहतो.