सिनेमा पडला की थेटर? जिल्ह्याच्या गावच्या जुन्या थेटरांचा आढावा

"पिक्चर लई अंधारात हाय" आणि "काय बोलायलेत तेच कळंना" ही दोन वाक्यं ज्या सिनेमाच्या वाट्याला आली, तो जालना, परभणी, हिंगोलीत सोमवारपर्यंत तग धरत नाही. तोच सिनेमा संभाजीनगरच्या मॉलमध्ये बघून आलेला माणूस मात्र कॅमेऱ्याची आणि संवादांची तारीफ करत असतो. दोघंही खरंच सांगतात. पडद्यावर पडलेला उजेड आणि भोंग्यातून आलेला आवाज दोन्हीकडं वेगळा होता, एवढंच. म्हणून सिनेमावर मत ठोकायच्या आधी थेटराकडं बघावं, असं आमचं म्हणणं आहे.

आढावा एका थेटराचा नाही, एका जातीच्या थेटरांचा आहे. स्टेशन रोडला किंवा जुन्या मोंढ्याजवळ उभं असलेलं, खाली स्टॉलच्या खुर्च्या, वर बाल्कनी, रिळाचं मशीन काढून डिजिटल बसवलेलं, मधे कधीतरी खुर्च्या बदललेलं आणि दर्शनी भागाला नवे पत्रे ठोकलेलं. मराठवाड्यात बहुतेक जिल्ह्याच्या गावी असं एखादं तरी चालू आहे. बंद पडलेली किती, तो विषय वेगळा.

आधी उजेडाचं बघू. डिजिटल सिनेमाचं जे जगभर मानलेलं डीसीआय मानक आहे, त्यात पांढऱ्या चित्राला पडद्याच्या मधोमध १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरचा उजेड मोजायचं माप) उजेड हवा. तीन इकडं-तिकडं चालतं. कॅमेरामन आणि चित्राचे रंग ठरवणारा माणूस ह्याच उजेडावर बसून रात्रीचा प्रसंग ठरवतात. थेटरात तो निम्म्यावर आला की दिवसाचे प्रसंग कसेबसे निभावतात, रात्रीचे पार बुडतात. कंदिलाच्या उजेडात दोन माणसं बोलत असतील तर प्रेक्षकाला कंदील तेवढा दिसतो.

उजेड कमी होण्याची कारणं ठरलेली आहेत. पहिलं म्हणजे मशीनमधला झेनॉनचा दिवा. त्याचे तास ठरवून दिलेले असतात. जितका जास्त वॅटचा, तितके तास कमी. दिवा महाग, म्हणून तास संपले तरी तो ओढला जातो, नाहीतर पहिल्या दिवसापासून कमी करंटवर चालवला जातो. म्हातारा झालेला दिवा ओळखायची खूण म्हणजे आभाळाच्या किंवा पांढऱ्या भिंतीच्या प्रसंगात उजेड बारीक थरथरतो. लेझरच्या मशीनला दिवा बदलायची भानगड नाही, पण त्याचाही उजेड वर्षागणिक उतरतोच, आणि हळूहळू उतरतो म्हणून मालकाच्याही ध्यानात येत नाही.

दुसरं कारण ऐकायला फालतू वाटतं, पण लई ठिकाणी खरं गुन्हेगार तेच असतं: केबिनची काच. मशीन आणि हॉल यांच्या मधे एक चौकोनी काच असते, तिच्यातून झोत बाहेर पडतो. तिच्यावर धूळ बसली, कुणी आतून बोटं टेकवून गर्दी किती आहे ते बघितलं, की काळा रंग काळा राहत नाही, राखाडी होतो. शो सुरू असताना मागं वळून काचेकडं बघा. झोताच्या मुळाशी काचेवर पांढुरका डाग चमकत असेल तर ती पुसलेली नाही. मऊ कापड आणि योग्य द्रावण घेतलं तर दोन मिनिटांचं काम.

तिसरं, हवेची जाळी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४२-४३ ला टेकतो, वरून धूळ. मशीनची जाळी चोंदली की आतलं तापमान वाढतं, ऑपरेटर दिवा कमी करतो, नाहीतर मशीनच स्वतःला बंद करून घेतं. उन्हाळ्यात दुपारच्या शोला मध्येच पडदा काळा झाला तर दर वेळी लाईट गेलेली नसते.

आणि पडदा. थेटरच्या पडद्याला बारीक भोकं असतात, कारण मुख्य स्पीकर त्याच्या मागं उभे असतात. पडदा पिवळा पडला म्हणून रंग मारून घेतला की भोकं बुजतात. उजेड वाढतो, पण स, श, च असली अक्षरं अर्धी गळून पडतात. पडदा नवा दिसतोय आणि संवाद घोगरा येतोय, असं असेल तर हेच झालंय असं समजायला हरकत नाही.

आता आवाज. इथं जास्त थांबावं लागेल, कारण तक्रारींतल्या निम्म्याहून अधिक आवाजाच्या असतात आणि त्यांचं खापर नटांच्या उच्चारांवर फुटतं.

केबिनमध्ये आवाजाचं यंत्र म्हणजे साउंड प्रोसेसर असतो, त्याला आवाज कमी-जास्त करायचा फेडर असतो. डॉल्बीच्या यंत्रावर ७ हा मूळ आकडा. मिक्सिंगच्या स्टुडिओत सिनेमा ७ वर ऐकून बनवला जातो. पडद्यामागचा एकेक स्पीकर ८५ डेसिबलला आणि बाजूच्या भिंतींवरचे ८२ ला लावलेले असतात. थेटरातही तसंच लावून ७ वर ठेवलं की दिग्दर्शकाला हवा तो आवाज मिळतो. घडतं काय? सुरुवातीच्या जाहिराती आणि ट्रेलर कर्कश असतात, लोक ओरडतात, ऑपरेटर फेडर ५ वर आणतो आणि खाली चहाला जातो. सिनेमा सुरू होतो तो ५ वरच. ४ ते १० च्या पट्ट्यात एक आकडा म्हणजे साधारण ३.३ डेसिबल, म्हणजे दोन आकड्यांत साडेसहाहून जास्त गेले. मारामारी तरीही ऐकू येते. कुजबूज पंख्याच्या आवाजाखाली जाते.

साउथच्या डब सिनेमांना हा त्रास फारसा होत नाही. ते स्टुडिओत पुन्हा बोलून घेतलेले असतात, आवाज पुढं, एकसारखा आणि मोठा. उलट जागेवर ध्वनिमुद्रण केलेल्या मराठी सिनेमात माणूस खरंच ओसरीवर बोलल्यासारखा बोलतो, वाक्याचा शेवट गिळतो, मागून शेरडं ओरडतात. ७ वर ऐकलं तर ती बोली जिवंत वाटते, ५ वर नुसता गोंगाट. म्हणून एकाच थेटरात डब सिनेमा "एक नंबर साउंड" ठरतो आणि आपल्याच भाषेतला "कळंना" ठरतो.

दुसरा दोष सेंटर स्पीकरचा. पडद्यामागं डावा, मधला, उजवा असे तीन उभे असतात आणि संवाद जवळजवळ सगळे मधल्यातून येतात. त्याचा बारीक आवाजाचा वरचा हॉर्न जळाला आणि जाड आवाजाचा खालचा वूफर तेवढा चालू राहिला, तर माणूस रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा ऐकू येतो. गाणी मात्र डाव्या-उजव्यातून खणखणीत. गाणी झकास आणि संवाद दबलेले, अशी जोडी दिसली की सेंटर गेलाय. फेडर वाढवून हे सुटत नाही, गाण्यात कान फुटतात तेवढे.

तिसरा दोष खुद्द इमारतीचा. उंच छत, उघड्या भिंती, कधी पत्रा. रिकाम्या हॉलमध्ये आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि पुढचं वाक्य मागच्यावर चढतं. माणसं भरली की अंगावरचे कपडेच आवाज शोषतात. हाऊसफुल्ल शोला जे थेटर बरं वाजतं, तेच पंधरा माणसांत घुमतं. पावसाळ्यात पत्र्याच्या छताखाली एखादा हळवा सिनेमा बघायला जाऊ नये, सर पडली की सबटायटल शोधायची वेळ येते.

मग मराठी सिनेमाचं गणित बघा. त्याला शो मिळतो तो बहुधा दुपारी बाराचा. माणसं कमी, म्हणून हॉल घुमतो. माणसं कमी, म्हणून एसी चालू होतो इंटरव्हलला. तोवर पंखे घरघरतात. रिकाम्या हॉलला आवाज कशाला, म्हणून फेडर अजून खाली. त्यात बाजूचं दार उघडून डोअरकीपर वाऱ्याला बसलेला, आणि दारातून आलेलं ऊन पडद्याच्या डाव्या कोपऱ्यावर. ह्या परिस्थितीत कुठलाही सिनेमा संथ आणि अंधारलेला वाटणारच. "मराठी पिक्चरमध्ये दम नाही" असं म्हणणाऱ्या कितीतरी लोकांनी दम नसलेलं थेटर बघितलेलं असतं. मराठीला सहाचा शो असेल तर थोडं थांबून तोच घ्या.

बसायचं कुठं? पडद्याच्या रुंदीच्या दीडपट ते पावणेदोनपट लांब. ४० फुटी पडदा असेल तर ६० ते ७० फूट. जुन्या थेटरात हे अंतर बाल्कनीच्या पुढच्या ओळींत किंवा स्टॉलच्या मागच्या भागात येतं. स्टॉलमध्ये एक पथ्य पाळा: डोक्यावर बाल्कनीचा स्लॅब सुरू होतो त्याच्या पुढं बसा. स्लॅबखाली वरून येणारा आवाज पोचत नाही, भिंतीवरचा एखादाच स्पीकर कानाशी बोंबलतो. बाल्कनीत पहिली ओळ टाळा, पडद्याचा खालचा काठ कठड्यात जातो आणि लेकरांना तर निम्माच सिनेमा दिसतो. दुसरी-तिसरी ओळ, मधला पट्टा, ही तिथली सगळ्यात चांगली जागा. ३डीसाठी चंदेरी पडदा लावला असेल तर मधे बसणं सक्तीचं समजा. तो उजेड समोर फेकतो, कडेला बसणाऱ्याला पडद्याचा लांबचा भाग काळवंडलेला दिसतो.

चित्र तपासायची उत्तम वेळ सेन्सॉर सर्टिफिकेट पडद्यावर असताना. त्याची बारीक अक्षरं कोपऱ्यापर्यंत धारदार दिसली तर फोकस ठीक. अक्षरांच्या एका कडेला लाल आणि दुसऱ्या कडेला हिरवी किनार असेल तर मशीनमधल्या तीन रंगांची जुळणी सरकलीय. हे ऑपरेटरच्या हातचं काम नाही, कंपनीचा माणूस यावा लागतो. सर्टिफिकेटचा चौकोनच कापलेला असेल तर पुढं सबटायटलची खालची ओळही कापली जाणार, हे नक्की. जुन्या केबिनी बाल्कनीच्याही वर, त्यामुळं झोत तिरपा उतरतो, चित्र खाली रुंद होतं आणि ते चौकोनी दिसावं म्हणून कडा छाटतात. आणखी एक घोळ म्हणजे लेन्सची सेटिंग. रुंद सिनेमाचं प्रमाण २.३९ ला १, साध्याचं १.८५ ला १. चुकीची सेटिंग राहिली तर माणसं चेपलेली दिसत नाहीत, पण वरची डोकी तरी जातात नाहीतर चारी बाजूंनी काळी चौकट येते. हे मात्र ऑपरेटर एक बटण दाबून सुधारू शकतो, फक्त कुणी सांगायला पाहिजे. त्याच सर्टिफिकेटवर सिनेमाची लांबी असते. नोव्हेंबर २०२४ पासून यूएचे (लेकरांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली बघायच्या सिनेमांचे) ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झालेत, लेकरं सोबत असतील तर तेही तिकीट काढतानाच बघा.

सांगायचं कसं, हेही महत्त्वाचं. "आवाज वाढव रे" ह्या आरोळीला कुणी हलत नाही. दारावरच्या माणसाकडं जाऊन "फेडर जाहिरातीवरच राहिलाय, सातवर घ्या म्हणावं" असं सांगितलं की वर निरोप जातो. पहिल्या दहा मिनिटांत सांगा. मध्यंतरानंतर ऑपरेटर पुढच्या शोच्या तयारीत असतो.

मॉलमधल्या छोट्या हॉलची तारीफ डोळे झाकून करू नये. भिंतींना कापड आहे, पडदा आणि अंतर हिशोबात आहे, उजेड बहुधा बरा. पण फेडर तिथंही खाली असतो, कारण शेजारच्या हॉलला आवाज जातो. तुमच्या शांत प्रसंगात पलीकडच्या सिनेमातले धमाके जमिनीतून येतात. रात्रीचे प्रसंग जास्त असलेला किंवा बोलीभाषेतला सिनेमा तिथं बघा. शिट्ट्या-टाळ्यांचा सिनेमा जुन्या थेटरात, भरलेल्या शोला. त्याची मजा मॉलमध्ये येत नाही.

शुक्रवारचा पहिला शो शक्यतो टाळावा. सिनेमाची फाईल कुलूपबंद येते आणि तिची की म्हणजे डिजिटल किल्ली ठरावीक सर्व्हरसाठी (सिनेमा चालवणाऱ्या कॉम्प्युटरसाठी), ठरावीक तारीख-वेळेपुरती असते. की उशिरा आली किंवा चुकीच्या सर्व्हरची आली तर शो सुरूच होत नाही, आणि ऑपरेटर त्यात काहीही करू शकत नाही. लाईट गेली तर जनरेटर लगेच लागतो, पण गरम झेनॉन दिवा तसाच पेटवला तर त्याचं आयुष्य घटतं आणि सर्व्हर पुन्हा चालू व्हायला वेळ घेतो. पाच-दहा मिनिटं गृहीत धरा. सिनेमा पुन्हा लागला की तोच प्रसंग आहे ना, ते बघा. घाईत पुढं सरकवलेला असतो.

पैशाचं थोडक्यात: सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के, त्यावर गेलं की १८. जुन्या थेटरची बाल्कनी अजून ह्या सीमेच्या आसपास असते, खिडकीवर घेतलं तर ऑनलाइनचे वरचे पैसेही वाचतात. बाहेरचं खाणं अडवायचा हक्क थेटरला आहे, पण प्यायचं पाणी फुकट द्यावंच लागतं. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये तसं सांगितलंय. माठ किंवा फिल्टर कुठं आहे ते विचारून घ्या.

३डीचा बोर्ड दिसला तर जुन्या थेटरात २डीचाच शो शोधा. लेन्सपुढचा ३डी फिल्टर आणि चष्मा मिळून निम्म्याहून जास्त उजेड खातात, आणि दिवा आधीच थकलेला असतो. शिवाय ३डीचा शो संपल्यावर तो फिल्टर लेन्सपुढून काढायचा राहिला, तर पुढचा साधा सिनेमाही त्याच काळोखात चालतो. म्हणून ३डीनंतर लगेच लागलेला २डी शो असेल तर मागं वळून एकदा केबिनच्या काचेकडं बघा. लेन्सपुढं काळपट तावदान दिसलं तर जाहिराती संपायच्या आत दारावरच्या माणसाला सांगा.