चावी कुरिअरने येणार होती

कुणी संशोधनासाठी जर्मनीला जाणार असाल, त्यात ऑक्टोबरच्या सुमारास, तर आधी हे वाचा आणि मग घर शोधायला लागा. मी स्वतःला फार शहाणी समजायचे. ओटीपी मागणारे फोन आले की त्या लोकांनाच चार शब्द सुनावणारी बाई मी, आणि 1740 युरो बँकेत रांगेत उभं राहून, फॉर्म भरून, स्वतःच्या सहीने एका खोट्या घरमालकाला पाठवले. तेव्हाच्या भावाने दीड लाखाच्या वर.

2023 ची गोष्ट. हायडेलबर्गच्या साउथ एशिया इन्स्टिट्यूटमधे सहा महिने व्हिजिटिंग स्कॉलर म्हणून जायचं ठरलं. खंडोबा आणि धनगर यांच्यावर इतकं काम केलेले जर्मन अभ्यासक सोन्थायमर जिथे शिकवायचे तीच ही संस्था, त्यामुळे घरात मी जेजुरीलाच निघाल्यासारखं वातावरण, सासूबाईंनी तर भंडाऱ्याची पुडी पर्समधे घातली. व्हिसाची कागदपत्रं, कॉलेजची रजा, मुलाची शाळा या सगळ्या धबडग्यात विद्यापीठाच्या वेलकम सेंटरचा एक मेल आला होता, गेस्टहाऊसमधे खोली हवी असेल तर तुमच्या होस्ट प्रोफेसरांमार्फत लवकरात लवकर अर्ज करा. मी तो 'नंतर बघू' म्हणून ठेवला. नंतर बघितलं तोवर ऑगस्ट उजाडलेला, गेस्टहाऊस फुल. तिकडे ऑक्टोबरला नवं सेमिस्टर सुरू होतं, अख्खं गाव घर शोधत असतं. विद्यार्थ्यांच्या होस्टेलचा आपल्याला उपयोग नाही. आपण ना धड विद्यार्थी ना धड नोकरदार, मधेच लोंबकळणारा प्राणी.

मग जाहिरातींच्या साइटवर शोधाशोध. वीस-पंचवीस जणांना मेल केले असतील, उत्तरं दोन आली, त्यातलं एक या महाशयांचं. हायडेलबर्गच्या नॉयेनहाइम भागात नदीजवळ दोन खोल्यांचा फर्निचरसकट फ्लॅट, महिना 580 युरो, हीटिंग धरून. तिकडे वार्म आणि काल्ट अशी दोन भाडी असतात, हीटिंग-पाण्यासकट आणि त्याशिवाय, आणि त्या भागात एवढ्यात एक बरी खोली मिळाली तरी नशीब, पण हे मला तेव्हा कुठे माहीत. मला वाटलं, आपलं नशीब उघडलं.

गृहस्थ इंजिनियर, मुलीच्या शिक्षणासाठी फ्लॅट घेतला होता, आता सगळे लिव्हरपूलला. आणि एक सांगते, या माणसाने पैशाचं अक्षर काढलं नाही पहिले चार दिवस. उलट माझीच मुलाखत घेतली. सिगरेट ओढता का, कुत्रं-मांजर आहे का, एकट्याच राहणार का, माझ्या मुलीच्या पुस्तकांना जपाल ना. मी आपली नोकरीच्या अर्जासारखी उत्तरं लिहितेय, विषय काय, कॉलेज कुठलं, सगळं. इतके अर्जदार असताना त्यांनी मला निवडलं याचा मला आनंद झाला होता हो! तिथेच मी गेले. आपल्याला निवडलंय म्हटल्यावर तपासायचं आपण नसतंच, तपासायचं त्यांनी.

मग म्हणाले, विश्वासासाठी हा माझा पासपोर्ट, तुमचाही पाठवा म्हणजे कॉन्ट्रॅक्ट करतो. पाठवला. चार पानी कॉन्ट्रॅक्ट आलं, कलमं-बिलमं टाकलेलं. चावी कुरिअरने येणार आणि पैसे एका प्रसिद्ध होमस्टे कंपनीकडे जमा राहणार, तुम्ही घर बघा, नाही आवडलं तर 48 तासांत परत. त्या कंपनीचा मेलही आला, लोगो, रंग सगळं जसंच्या तसं, फक्त पत्त्यात कंपनीच्या नावापुढे डॅश देऊन आणखी दोन शब्द. एक महिन्याचं भाडं आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट, झाले 1740.

नवऱ्याने विचारलं, व्हिडिओ कॉल केलास का, घर दाखव म्हणावं. मी विचारलं होतं, त्यांनी कामाच्या साइटवर नेटवर्क नसतं म्हणून कळवलं होतं, आणि मी नवऱ्याला त्यांची बाजू समजावून सांगितली. बँकेत परदेशी पैसे पाठवायचा ए2 फॉर्म भरताना काउंटरवरच्या मुलाने आयबॅनकडे, म्हणजे तिकडच्या खातेनंबराकडे, बघून विचारलं, "मॅडम, हे ईएसने सुरू होतंय, म्हणजे स्पेनचं खातं. घर जर्मनीत ना तुमचं?" मी काय म्हटलं माहितीये? "अहो, युरोपात सगळं एकच असतं." घर जर्मनीत, मालक इंग्लंडात, खातं स्पेनमधे, आणि खात्यावर नाव चौथ्याच माणसाचं. तो मुलगा पंचविशीचा असेल, त्याला कळलं आणि पीएचडीवालीला नाही.

चावी आली नाही. मग म्हणे आमचा एजंट दारातच भेटेल. निघायच्या तीन दिवस आधी मेल बंद. पोटात गोळा आला होता पण तिकीट काढलेलं, व्हिसाच्या तारखा ठरलेल्या, गेले. फ्रँकफुर्टला उतरून ट्रेनने हायडेलबर्ग, तिथून टॅक्सी, दोन मोठ्या बॅगा. घर होतं! अगदी फोटोतलंच, पिवळसर दगडाचं, तीन मजली. तिकडे बेलवर फ्लॅटचा नंबर नसतो, आडनाव असतं. सहा बेला, सहा आडनावं, आमच्या महाशयांचं आडनाव नाही. मी ती सहा नावं चार-पाच वेळा वाचली, जणू पुन्हा वाचल्यावर बदलणार होती. तेवढ्यात एक आजी कागदाची रद्दी टाकायला खाली आल्या, माझ्या बॅगा बघितल्या, हातातल्या प्रिंटआउटकडे बघितलं, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "झी झिंड डी ड्रिट." तुम्ही तिसऱ्या. माझं जर्मन कामचलाऊ, पण एवढं समजलं.

ती रात्र युथ होस्टेलमधे, सहा जणींच्या खोलीत. दुसऱ्या दिवशी वेलकम सेंटरमधे जाऊन रडले. त्या बाईंनी आधी पाणी दिलं आणि मग ज्या गोष्टी सांगितल्या त्या मला ऑगस्टमधे माहीत हव्या होत्या. तिकडच्या कायद्याने डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्ट भाड्याएवढं, तेही भाडेकरूला तीन हप्त्यांत देता येतं आणि पहिला हप्ता राहायला गेल्यावर. म्हणजे घर न बघता आधी सगळं भरायचा प्रश्नच नाही. दुसरं, राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेत पत्ता नोंदवावा लागतो, आनमेल्डुंग, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा फॉर्म लागतो, त्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग (दम लागतो म्हणताना). त्या म्हणाल्या, हा फॉर्म द्याल ना असं आधीच विचारायचं. आमच्या महाशयांना विचारलं असतं तर तेही हो म्हणाले असते म्हणा. पण ऑगस्टमधे वेलकम सेंटरला ती जाहिरात पुढे पाठवून 'हे बरोबर वाटतं का' एवढी एक ओळ लिहिली असती तर काम झालं असतं. किंवा इन्स्टिट्यूटच्या सेक्रेटरींना. शेवटी त्यांनीच मला खोली मिळवून दिली, हान्डशुह्सहाइममधे माळ्यावरची, एकच खिडकी, महिना 520, आणि मालकीणबाईंनी पहिला महिना संपेपर्यंत डिपॉझिट मागितलंसुद्धा नाही.

पैसे गेले ते गेलेच. बँकेने स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेवरून पैसे परत बोलावायची रिक्वेस्ट टाकली, खात्यात काही उरलं नव्हतं. नवऱ्याने 1930 या आपल्याकडच्या सायबर हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवली, मी तिकडच्या पोलिसांत. तिथे शांतपणे सगळं लिहून घेतलं, नंबर दिला, आणि काही महिन्यांनी सरकारी वकिलांचं पत्र आलं की आरोपी सापडत नाही, तपास थांबवतोय. ज्यांचे आत्ताच पैसे पाठवून झालेत त्यांनी मात्र पहिल्या तासाभरात बँकेला आणि 1930 ला गाठा, लाजत बसू नका. मी दोन दिवस कुणाला सांगितलंच नव्हतं.

पैशापेक्षा जास्त लागलेली गोष्ट वेगळीच. त्या महाशयांनी मला पाठवलेला तो पासपोर्ट त्यांचा नव्हताच. पोलिसातल्या बाई म्हणाल्या, बहुतेक आधी फसलेल्या कुणाचा तरी असेल. तेव्हा माझ्या डोक्यात लख्खकन पेटलं की माझाही त्यांच्याकडे आहे. आता कॉपी कुठेही द्यायची झाली तर मी त्यावर आडवं लिहिते, कुणाला दिली, कशासाठी, कुठल्या तारखेला.

फेब्रुवारीत विद्यापीठाच्या पत्त्यावर एका ब्राझीलच्या पोस्टडॉकचा, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधकाचा, मेल आला. मार्चमधे यायचा होता. पोरगा हुशार, माझं नाव टाकून इन्स्टिट्यूटचं पान शोधलं होतं त्याने. सोबत चार पानी कॉन्ट्रॅक्ट, पत्ता तोच नॉयेनहाइमचा, भाडं 600 केलेलं, आणि शेवटच्या पानावर माझा पासपोर्ट, तेल लावून चापून बसवलेल्या केसांचा फोटो, जन्मस्थळ सातारा. खाली अगदी अदबीने विचारलं होतं, मॅडम, चावी कुरिअरने नक्की कधी पाठवताय?