नागपुरात कादंबरीकाराला वाचक कुठे भेटतो: मंच, भिशी, वाचनालय आणि स्टॉल

नागपुरात वाचकांशी बोलायचं ठरवलं की कादंबरीकाराला सगळ्यात सहज मिळतो तो मंच. सीताबर्डी या मध्यवर्ती भागातलं एखादं सभागृह, शाल-श्रीफळ, परिचय वाचणारे प्राध्यापक, मग प्रकट मुलाखत आणि शेवटची पंधरा मिनिटं प्रश्नांना. विदर्भ साहित्य संघाची स्थापना १९२३ची. इथल्या श्रोत्याचे कान तेव्हापासून तयार झालेले आहेत. चांगल्या वाक्याला दाद मिळते, चार प्रतीही जास्त खपतात. पण कादंबरी कुठे फसली हे मंचावर कधीच कळत नाही. माइक हाती आलेला माणूस प्रश्न न विचारता भाषण करतो, आणि ज्यानं पुस्तक अर्ध्यावर मिटलं तो हातच वर करत नाही. लेखकाला बोलायचं असतं नेमकं त्याच्याशी. मंचाला पाचपैकी दोन गुण, तेही बाहेरच्या विक्रीच्या टेबलामुळे.

खरं काम होतं ते पुस्तक भिशीत. आठ ते बारा जण महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतात, वर्गणी काढतात, एकच पुस्तक वाचून येतात. प्रकार महाराष्ट्रभर आहे. नागपूरकर मोकळेपणानं बोलतो, त्यामुळे इथे तो जास्त उपयोगी पडतो, मात्र बैठक नीट लावली तरच. लेखकाला पाहुणा म्हणून कोचावर बसवलं की भिशीचाही मंच होतो.

आधी प्रती. तीन ते चार आठवडे अगोदर द्याव्यात. आठवड्यावर दिल्या तर निम्मे लोक शेवटची वीस पानं वाचून येतात. हस्तलिखित असेल तर सगळ्यांना एकाच फाइलची स्पायरल केलेली छापील प्रत द्यावी. कुणी मोबाइलवर वाचलं की अक्षर मोठं केल्याबरोबर पान क्रमांक बदलतात आणि बैठकीत ‘तुमचं बेचाळीस म्हणजे आमचं किती?’ यातच वेळ जातो. मोबाइलवाले असणारच असतील तर प्रकरण आणि परिच्छेद यांना क्रमांक टाकावेत. प्रत्येकाला एक पेन्सिल आणि एकच सूचना: जिथे पुस्तक खाली ठेवलं तिथे समासात रेघ मारा, कारण लिहू नका. झोप आली म्हणून ठेवलं, कुकरची शिट्टी झाली म्हणून ठेवलं, तरी रेघ. कारणं लेखकानं नंतर शोधायची.

बैठकीत प्रश्न भिशीतल्याच एकानं विचारावेत. पहिला अर्धा तास लेखकानं तोंड उघडू नये. हे फार जड जातं, कारण पहिल्या दहा मिनिटांतच कुणीतरी नायकाचा हेतू उलटा समजलेला असतो आणि लेखकाची जीभ वळवळते. त्यानं एकदा खुलासा केला की उरलेले सगळे त्या खुलाशाच्या आधारानंच बोलतात, स्वतःचं वाचन विसरतात.

‘आवडली का?’ हा प्रश्न बाद. त्याचं उत्तर ‘छान आहे’ एवढंच येतं. ‘भाषा ओघवती आहे’ असं म्हणून एकाही पात्राचं नाव न घेणारा वाचक बहुधा पन्नासाव्या पानापुढे गेलेला नसतो. त्याला तिथे पकडू नये, चहा द्यावा. चालणारे प्रश्न तीन: कुठे कुठे थांबलात? गोष्ट तुमच्या शब्दांत पाच मिनिटांत सांगाल का? आत्ता पुस्तक न उघडता कुणाकुणाची नावं आठवतात?

तिसऱ्या प्रश्नातून जे निघतं ते जवळपास दर कौटुंबिक कादंबरीत सारखंच असतं. सुमन, सुनंदा, सुलभा अशा तिघी एका घरात असल्या की वाचक दोघींनाच धरून चालतो. त्याहून घोटाळ्याचं नात्यांचं: एकच बाई दिरासाठी वहिनी, सासूसाठी सुनबाई, भाच्यासाठी मामी, आणि निवेदकही दर प्रसंगाला नवं नाव घेतो. लेखकाला घराचा नकाशा पाठ असतो, वाचकाला नसतो. उपाय सोपा आहे. निवेदकानं एकच नाव धरायचं, नाती फक्त संवादात ठेवायची.

गोष्ट सांगायला लावली की वाचक काय गाळतो ते लिहून घ्यावं. पाच जणांनी मुंबईचं अख्खं प्रकरण गाळलं, तर ते काढून बघायला हरकत नाही. वाचक कधी कधी पुस्तकात नसलेला प्रसंगही सांगतो, ‘ती बसस्टँडवर वळून बघते ना’ वगैरे. लेखकानं तसं लिहिलेलंच नसतं. हा दोष धरून प्रसंग लिहायला बसू नये. वाचकानं स्वतः भर घातली म्हणजे ती जागा जमली आहे; तिथे हात लावला तर बिघडेल.

थांबण्याच्या रेघा मात्र जमा करून एका कागदावर मांडाव्या लागतात. एकाचीच रेघ असेल तर सोडून द्या. दहातले तिघे ऐंशी ते पंच्याण्णव या पानांत थांबले असतील, तर काहीतरी आहे, पण बहुधा त्या पानांत नाही. पंधरा-वीस पानं मागे जा. बहुतेकदा सत्तराव्या पानावर लग्न ठरून गेलेलं असतं, जमिनीचा निकाल लागलेला असतो, आणि पुढे काय होणार याची ओढच संपलेली असते. वाचक म्हणतो, ‘मधे वर्णनं फार झाली बुवा.’ वर्णनं कापून उपयोग होत नाही. निकाल पुढे ढकलावा लागतो. ‘शेवट बदला’ या सूचनेचंही तसंच. शेवटाआधीची तयारी कच्ची असते, शेवटाची चूक नसते. म्हणून वहीत दोन रकाने ठेवावेत, पान आणि तक्रार. वाचकानं सुचवलेल्या इलाजासाठी तिसरा रकाना नको.

भिशीची एक अडचण हवामानाची. मे महिन्यात कूलर चालू असतो आणि मोबाइलवर केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये फक्त पाण्याचा पंप आणि पंखा ऐकू येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी गाठावं, नाहीतर सकाळी आठला बसावं. रेकॉर्डिंगला परवानगी आधी घ्यावी. तर्री पोहे, म्हणजे झणझणीत रस्सा घातलेले पोहे, शेवटी. आधी आले की चर्चा तर्रीवरच जाते. पाचपैकी साडेचार गुण. अर्धा कापला तो यासाठी की भिशीत बहुतेक एकाच वयाचे, एकाच थरातले लोक असतात.

ती उणीव वाचनालय भरून काढतं. जुन्या वाचनालयांत दुपारी पेपर वाचायला येणारे निवृत्त सभासद म्हणजे जागा आणि काळ यांची चालती-बोलती तपासणी. कादंबरी १९५८ची आणि पात्र ‘राजधानी’ म्हणून नागपूरला येतं? ते लगेच सांगतील की मध्य प्रदेशची राजधानी हे नागपूरचं स्थान १९५६लाच गेलं. मारबत, म्हणजे नागपुरात मिरवणुकीनं नेऊन जाळतात तो पुतळा, पोळ्याच्या दिवशी काढली असेल तर दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला न्यावी लागेल. छिंदवाड्याची छोटी लाइन, म्हणजे नॅरोगेज रेल्वे, २०१५ला बंद झाली, त्यानंतरच्या प्रकरणात तिची शिट्टी नको. एम्प्रेस मिल या बंद पडलेल्या कापडगिरणीचा एखादा जुना कामगार भेटला तर पाळी, भोंगा, डब्याची वेळ सगळं विचारून घ्यावं. पात्राचं वागणं किंवा निवेदन यावर मात्र यांचं मत फारसं धरू नये. त्यांना चूक शोधण्यात रस असतो, आणि तो त्यांनी घ्यावाच. काउंटरवरच्या ग्रंथपालांना एकच विचारायचं: पुस्तक घेऊन गेलेला माणूस मुदतवाढ मागतो, की दोन दिवसांत परत आणतो? चार गुण.

स्टॉल. दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६च्या धम्मदीक्षेच्या स्मरणार्थ दसऱ्याला लाखो लोक येतात आणि पुस्तकांची विक्री प्रचंड होते. मागणी मुख्यतः बाबासाहेबांच्या ग्रंथांना आणि वैचारिक पुस्तकांना, कादंबरी त्यामागे. तरीही प्रकाशकाच्या स्टॉलमागे दोन तास नुसतं उभं राहावं. लेखक म्हणून ओळख देऊ नये. माणूस पुस्तक उचलतो, मागची किंमत बघतो, मधलंच पान उघडून चार-पाच ओळी वाचतो, ठेवतो किंवा घेतो. पहिलं पान क्वचितच. घासूनपुसून लिहिलेल्या सुरुवातीच्या परिच्छेदाचा विक्रीशी किती संबंध आहे ते तिथे दिसतं. टाइप बारीक असेल तर चष्मा कपाळावर जातो आणि पुस्तक खाली येतं. हे प्रकाशकाला सांगण्यासारखं. बोलणं जवळपास होतच नाही, म्हणून तीन.

व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या अभिप्रायाला गुण द्यायचं कारण नाही. एकानं ‘अप्रतिम’ लिहिलं की खाली हात जोडलेल्यांची रांग लागते.

खर्चाचं म्हणाल तर सगळ्यात महाग पडतात त्या स्पायरलच्या प्रती. बारा लोकांना दीडशे-दीडशे पाठपोट पानं म्हणजे अठराशे पानं. झेरॉक्सवाल्याशी एकगठ्ठा दर ठरवावा, बाइंडिंगचे वेगळे पैसे विचारून घ्यावेत. बैठकीनंतर प्रती परत मागाव्यात. रेघा त्यांच्यावरच असतात, आणि न छापलेलं हस्तलिखित बारा घरांत राहणंही बरं नाही.