आठवीत कोणती भाषा घ्यावी: जर्मन, फ्रेंच की जपानी?

पुण्यातल्या बऱ्याच शाळांत सातवी संपता संपता भाषेच्या पर्यायांचा फॉर्म घरी येतो. हिंदी-संस्कृत, पूर्ण संस्कृत, जर्मन, फ्रेंच, आणि एखाद्या शाळेत जपानी. निर्णय दोन दिवसांत द्यायचा असतो आणि तो बहुतेक वेळा 'मार्क कशात जास्त पडतात' यावर होतो. आमच्या मते पहिला प्रश्न वेगळा असायला हवा: दहावीनंतर ही भाषा हे मूल कुठे आणि कसं पुढे नेणार? अर्धवट सुटलेली परकी भाषा दोन वर्षांत जवळजवळ पूर्ण विसरली जाते.

आधी शाळेत नेमकं किती होतं ते पाहू. आठवड्याला 35 मिनिटांच्या 4 तासिका आणि वर्षात प्रत्यक्ष चालणारे 32 आठवडे धरले, तर तीन वर्षांत 384 तासिका, म्हणजे 224 तास होतात. युरोपीय भाषांच्या पायऱ्या खालून वर ए1, ए2, बी1, बी2, सी1, सी2 अशा आहेत. जर्मन शिकवणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटच्या अंदाजानुसार ए2 साठी 45 मिनिटांचे 200 ते 350 तास लागतात आणि बी1 साठी 350 ते 650. आपले 224 तास त्या मापात साधारण 300 भरतात. म्हणजे दहावीपर्यंत नीट शिकलेलं मूल ए2 ला पोचतं: ओळख करून देणं, दुकानात बोलणं, छोटं पत्र लिहिणं. पण वर्गात चाळीस मुलं आणि परीक्षा लेखी, त्यामुळे लिहिणं ए2 चं आणि बोलणं ए1 चं अशी स्थिती सर्रास दिसते. शाळेबाहेर आठवड्याला निदान एक तास तोंडाने बोलण्याचा सराव नसेल, तर ही दरी भरत नाही.

जर्मन

मराठी मुलाला जर्मन ऐकून वाटते तितकी परकी नाही. तीन लिंगं आपल्याकडे आहेतच. आकड्यांतही एकवीस म्हणताना आपण एक आधी आणि वीस नंतर म्हणतो, जर्मनचंही तसंच. इंग्रजी माध्यमातली मुलं इथे अडखळतात. 'त्सेट', म्हणजे z, या अक्षराचा उच्चार म्हणजे 'चूल', 'चाक' यांतला च. लिहिलं तसं वाचायचं, त्यामुळे पहिल्या तीन महिन्यांत वाचन येतं आणि मुलाचा धीर वाढतो.

घसरण विभक्तीत होते, आणि तिचं कारण मराठीतच आहे. 'मी मित्राला बघतो' आणि 'मी मित्राला पुस्तक देतो' या दोन्ही वाक्यांत आपण 'ला' हाच प्रत्यय वापरतो. जर्मनमध्ये पहिल्या वाक्यात 'डेन' आणि दुसऱ्यात 'डेम' लागतं. लिंगंही जुळत नाहीत. चंद्र दोन्हीकडे पुल्लिंगी, पण सूर्य जर्मनमध्ये स्त्रीलिंगी आणि 'मेडशन', म्हणजे मुलगी, नपुंसकलिंगी. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक नाम त्याचं लिंग दाखवणाऱ्या डेअर, डी किंवा डाससकट पाठ करायचं. नुसतं नाम पाठ केलेल्या मुलाला नववीत सगळी यादी पुन्हा करावी लागते आणि तिथेच कंटाळा येतो.

पुण्यात जर्मनचा आधार भक्कम आहे. बोट क्लब रोडवर मॅक्स म्युलर भवन, म्हणजे गोएथे इन्स्टिट्यूटचं इथलं केंद्र आहे, शिकवण्या भरपूर आहेत आणि चाकणला फोक्सवॅगन, मर्सिडीज यांचे कारखाने आहेत. पण 'जर्मनीत शिक्षण फुकट' हे ऐकून भाषा घेणाऱ्यांनी पूर्ण चित्र पाहावं. बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला 1,500 युरो आहेत. केवळ बारावीच्या गुणांवर पदवीला थेट प्रवेश मिळत नाही. जर्मन माध्यमातल्या पदवीला साधारण सी1 लागतं, आणि शाळेतलं ए2 ही त्याची फक्त सुरुवात आहे.

फ्रेंच

फ्रेंचची अडचण कानाची आहे. क्रियापदाची तीन-चार रूपं कागदावर वेगळी दिसतात आणि ऐकायला एकच असतात, कारण शेवटची अक्षरं उच्चारलीच जात नाहीत. मग मुलं शब्दावर देवनागरीत उच्चार लिहून ठेवतात. ही सवय पहिल्याच महिन्यात मोडा. देवनागरी वाचून बोलणाऱ्याला अनुनासिक स्वरांतला फरक कधीच ऐकू येत नाही आणि श्रुतलेखनात गुण जातात. उपाय साधा आहे: रोज दहा मिनिटं ऐकायचं, मग बघून म्हणायचं, मग न बघता लिहायचं. आकडेही सत्तरपासून तिरपे होतात. सत्तर म्हणजे साठ अधिक दहा आणि ऐंशी म्हणजे चार विसा.

सोपंही बरंच आहे. लिंगं दोनच आणि जर्मनसारखी विभक्ती नाही. 'तो गेला, ती गेली' असं क्रियापद कर्त्यानुसार बदलणं आपल्याला मुळातच अंगवळणी आहे. फ्रेंच भूतकाळात जाण्या-येण्याच्या क्रियापदांना हाच नियम लागतो. इंग्रजी चांगलं असलेल्या मुलाला निम्मे शब्द ओळखीचे वाटतात. एरंडवण्यात पटवर्धन बागेजवळ आलियाँस फ्राँसेझ हे फ्रेंच शिकवणारं केंद्र आहे. तिथल्या डेल्फ परीक्षेत वाचन, लेखन, श्रवण आणि संभाषण यांना प्रत्येकी 25 गुण असतात. उत्तीर्ण होण्यासाठी एकूण 50 आणि प्रत्येक भागात किमान 5 लागतात. प्रमाणपत्राला मुदत नाही. पुढे कॅनडाचा विचार असेल तर तिथल्या स्थलांतराच्या गुणांकनात फ्रेंच मोजली जाते, मात्र त्यासाठी टेफ किंवा टीसीएफ या वेगळ्या परीक्षा द्याव्या लागतात.

जपानी

वाक्यरचनेत जपानी मराठीच्या सर्वांत जवळ आहे. 'मी पाणी पितो' याच क्रमाने जपानी वाक्य होतं, क्रियापद शेवटी येतं आणि ला, त, हून यांसारखे प्रत्यय नामामागे लागतात. लिंग नाही, अनेकवचनाची कटकट नाही. सगळे कष्ट लिपीत आहेत. हिरागाना आणि काताकाना यांची मूळ अक्षरं प्रत्येकी 46. रोज अर्धा तास दिला तर दोन्ही महिन्याभरात बसतात. त्यानंतर कांजी, म्हणजे चिनीतून आलेली चित्राक्षरं, सुरू होते आणि ती संपत नाही: जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेच्या सर्वांत खालच्या पायरीला, एन5 ला, साधारण 100, तिच्या वरच्या एन4 ला 300, रोजच्या वापराच्या सरकारी यादीत 2,136. रोमन अक्षरांत जपानी लिहायची सवय लागलेलं मूल एन5 च्या पेपरसमोर थबकतं. आणखी एक, जेएलपीटी परीक्षेत बोलण्याची चाचणी नाही, म्हणून प्रमाणपत्र हातात असूनही बोलता न येणारे पुष्कळ असतात.

ही परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते आणि पुणे हे केंद्र आहे. एन5 ला 180 पैकी 80 लागतात, शिवाय भाषाज्ञान-वाचनात 120 पैकी 38 आणि श्रवणात 60 पैकी 19. जागा लवकर भरतात, म्हणून नोंदणी सुरू होताच अर्ज भरा. नोकरीत खरा उपयोग एन3, एन2 पासून सुरू होतो. त्यामुळे चिकाटीने रोज लिहिणारं मूल असेल तर जपानी जरूर घ्या. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात अभ्यास करणाऱ्याला ती झेपत नाही.

फॉर्म भरण्याआधी

राज्य मंडळात दहावीला जर्मन आणि फ्रेंच आहेत, बारावीच्या यादीत जपानीही आहे. सीबीएसईत तिन्ही आहेत. दोन्हीकडे 80 गुण लेखी आणि 20 अंतर्गत. पण यादीत विषय असणं आणि कॉलेजात शिक्षक असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. शाळेत विचारा: शिक्षक कायमस्वरूपी आहेत की तासिका तत्त्वावर? ते सोडून गेले तर वर्ग कोण घेणार? दहावीच्या मध्येच हिंदीकडे वळायला लागलेली मुलं दरवर्षी असतात. सीबीएसई असेल तर आणखी एक प्रश्न. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार तीन भाषांपैकी किमान दोन भारतीय हव्यात, त्यामुळे परकी भाषा कोणत्या जागी बसणार हे लेखी घ्या.

संस्कृतशी तुलना होतेच. गुणांचाच विचार असेल तर संस्कृत कोणत्याही परकी भाषेइतकीच गुण देणारी आहे, आणि घरात शिकवणारं कुणी असेल तर ती घेण्यात काहीच कमीपणा नाही.

अकरावी सायन्सला कॉम्प्युटर किंवा इलेक्ट्रॉनिक्सचं बायफोकल, म्हणजे व्यावसायिक विषय, घेतलं की दुसरी भाषा सुटते, आणि पुण्यात पुष्कळ मुलं तेच घेतात. तसं ठरत असेल तर नववीनंतर मे ते जुलैमध्येच बाहेरची परीक्षा देऊन टाका. जर्मनसाठी 12 ते 16 वयोगटाची 'फिट इन डॉइच' ए2 आहे, उत्तीर्ण होण्यासाठी 60 टक्के लागतात. फ्रेंचसाठी डेल्फ ज्युनिअर, जपानीसाठी जुलैची एन5. दहावीच्या वर्षात त्यानंतर या परीक्षेला वेळ मिळत नाही, आणि अकरावीत पुस्तकं आधीच रद्दीत गेलेली असतात.