मनगटावरचा पट्टा की छातीवरचा?

विद्युत सायकलची मोटर किंवा कानात वळणे सांगणारा मोबाइल यांमुळे सायकल चालवण्याचा अनुभव नेमका कसा बदलतो, हे अंगावरच्या सेन्सरने पाहायचे ठरवले की पहिली निवड हृदयाचे ठोके मोजणाऱ्या मनगटी आणि छातीच्या पट्ट्यांत करावी लागते. छत्रपती संभाजीनगरहून दौलताबादमार्गे खुलताबादच्या घाटात मी दोन्ही पट्टे एकाच वेळी बांधून, मोटर कधी चालू तर कधी बंद ठेवून, बऱ्याच फेऱ्या केल्या.

मनगटी पट्टा सोयीचा आहे, यात वाद नाही. काहींत त्वचेची विद्युतवाहकताही मोजता येते आणि घामावरून मनावरचा ताण कळतो. पण आपल्याकडच्या वैशाखात घाम उन्हाचा की धास्तीचा, हे त्या आकड्यांतून वेगळे काढणे मला जमले नाही.

तरीही माझा निर्णय झाला तो वेगळ्याच कारणाने. चढावर हँडल घट्ट धरले की मनगट वाकते, पट्टा कातडीपासून किंचित सुटतो आणि हिरव्या प्रकाशाने रक्तप्रवाह टिपणारा सेन्सर गोंधळतो. एका वळणावर धाप लागलेली असताना मनगटावर ९६ आणि छातीच्या पट्ट्यावर १६१ ठोके दिसत होते. थांबून मानेवर दोन बोटे ठेवून मोजले, तेव्हा छातीचा पट्टाच खरा निघाला. मोटर चालू केली की पकड सैल होते आणि मनगटी पट्टा बरा चालतो. म्हणजे मोटर असताना आणि नसताना जो फरक आपल्याला शोधायचा, त्यातच उपकरणाचा दोष मिसळतो. हे मला फार खटकले.

छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेतच घेत असल्याने दोन ठोक्यांमधले अंतरही नीट मिळते, आणि ताणाचा अंदाज त्या अंतरातील चढउतारावरूनही बांधता येतो. दौलताबादच्या दिल्ली दरवाज्याच्या कोंडीत, पाय टेकून उभा असताना, मागून बसचा हॉर्न वाजला की माझे ठोके वाढलेले त्यात स्पष्ट दिसले. अर्थात ठोके श्रमानेही वाढतात, म्हणून रस्ता आणि वेग शक्यतो तोच ठेवावा आणि प्रत्येक थांब्यावर मनाची अवस्था वहीत लिहून घ्यावी.

हा पट्टा काचतो, आणि थंडीत पाण्याने ओला केल्याशिवाय सुरुवातीची काही मिनिटे भलतेच आकडे देतो. अशा पाहणीत सहभागी होणाऱ्यांना, विशेषतः महिलांना, तो घालणे अवघड वाटत असेल, तर मनगटी पट्टा कोपराच्या थोडा खाली, मांसल भागावर घट्ट बांधून पाहावा. माझ्या अनुभवात तिथे तो पुष्कळ सुधारतो.